दुसऱ्याची अर्धी भिंत

माझा धाकटा भाऊ विटांची जोडाई करतो. आमच्या गोंदियाकडे अशा माणसाला मिस्त्री म्हणतात. मी शाळेत शिकवते. एकाच आईबापाची दोन लेकरं, एकीच्या हातात खडू आला, दुसऱ्याच्या हातात थापी. आमचा बाप म्हणायचा, दोघंही संध्याकाळी धुळीनं माखूनच घरी येतात, फरक एवढाच की एकीची धूळ झटकली की जाते. त्या फरकाचा मला आयुष्यभर थोडा तोरा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात त्या तोऱ्याचाही हात आहे.

भाऊ मला बाई म्हणतो. झाडीपट्टीत मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. त्याचं घर बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडं, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून आहे. वर दिवसभर शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं घिरट्या घालतात आणि खाली माझी भावजय वाळवणावरची पाखरं हाकलते. पाखरं ऐकतात, विमानं ऐकत नाहीत, असं ती म्हणते. त्यांना एकच मुलगी. यंदा ती बारावी झाली, चांगल्या गुणांनी झाली आणि नागपूरला जाऊन नर्सिंग शिकायचं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे तिनं एकटीनंच ठरवलं. पोरगी आमच्याच घरातली, विचारायची पद्धत नाही.

मी बोलणारी बाई. रविवारी आमच्या विहाराच्या वाचनालयात सात-आठ जणांचं मंडळ बसतं. युद्धं का होतात, त्यात कोणाची घरं पडतात आणि कोणाचे कारखाने चालतात, हे मी तिथं भिंतीवर नकाशा लावून सांगते. जागतिकीकरण समजावताना राइस मिलचं उदाहरण देते. इथला उकडा तांदूळ कोणत्या बंदरातून कुठं जातो, आणि तिकडच्या समुद्रात तोफा सुरू झाल्या की इथल्या हमालाला घरी का बसावं लागतं, ते सांगते. उदाहरण चांगलं आहे, लोक माना डोलावतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही युद्धाविरुद्धचे फलक घेऊन चौकात तासभर मुक्यानं उभे राहिलो होतो. एका ऑटोवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "मॅडम, पानी का प्रॉब्लम है क्या?" मी त्याला युद्धाचं सांगितलं. तो जरा विचारात पडला आणि अगदी मनापासून म्हणाला, "खड़े रहो, कोई ना कोई तो आएगा."

तर त्याच हिवाळ्याच्या शेवटी बातमी आली की समुद्रापलीकडच्या एका देशात मिस्त्री, प्लास्टरवाले आणि सळई बांधणारे हवे आहेत. देशाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे बाजू घेऊन बसतात आणि माझ्या भावाचं राहून जातं. त्या देशात लढाई चालू होती. पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट होता. वयाची अट होती आणि भाऊ त्या अटीच्या काठावर होता, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तो गेला तर पोरगी नागपूरला जाणार होती. नाही गेला तर पोरगी आईबरोबर धानाच्या रोवणीला जाणार होती. गोष्ट एवढी सरळ होती.

अर्ज मी भरला. भावाला फॉर्मातलं इंग्रजी येत नाही, मला येतं.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. तिथल्या बांधकामांवर आधी कोण काम करत होतं, हे मला ठाऊक होतं. सरहद्दीच्या कुंपणापलीकडची माणसं रोज पहाटे रांगा लावून फाटकातून आत येत, दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधत आणि संध्याकाळी परत जात. लढाई पेटली आणि फाटकं बंद झाली. इमारती अर्ध्या राहिल्या, माणसं पलीकडं राहिली, आणि त्या रिकाम्या जागा भरायला आमच्यासारख्यांना बोलावणं आलं. हे मी मंडळात स्वतः वाचून दाखवलं होतं, वर तावातावानं बोललेही होते. त्याच आठवड्यात मी भावाचा अर्ज भरला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परीक्षा जूनमध्ये नागपूरला एका मोकळ्या मैदानावर होती. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. मैदानावर भिंतीच भिंती उभ्या होत्या, कशाच्याच नसलेल्या. ना घर, ना खोली, नुसत्या ओळीनं भिंती. सकाळच्या तुकडीनं त्या कमरेपर्यंत आणलेल्या होत्या आणि दुपारच्या तुकडीनं छातीपर्यंत न्यायच्या होत्या. घड्याळ लावलेलं होतं. तिकडून आलेले दोन परीक्षक खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांचं बोलणं हिंदीत सांगणारा एक चुणचुणीत माणूस मधून फिरत होता. भावाला तीन नंबरची भिंत मिळाली.

शिट्टी वाजली. सगळे थाप्या घेऊन कामाला लागले, आणि माझा भाऊ नुसताच उभा राहिला. त्यानं भिंतीला एकदा हात लावून पाहिला, इकडंतिकडं नजर फिरवली, थापी खाली ठेवली आणि मैदानाबाहेर चालू लागला. मला वाटलं, घाबरला. कुंपणाला धरून मी मनात त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. तो चहाच्या टपरीपाशी गेला. सकाळच्या तुकडीतली माणसं तिथं बसली होती. तो एकेकाला विचारत होता, "तीन नंबर की दीवार किसकी है, भाई?" बालाघाटकडचा एक माणूस उठला. दोघं मिनिटभर काहीतरी बोलले. बालाघाटवाल्यानं हातानं खूण करून काही सांगितलं, मग भाऊ परत आला, वरच्या रद्द्यातल्या, म्हणजे थरातल्या, दोन विटा काढून त्यानं पुन्हा बसवल्या आणि पुढं काम धरलं.

घड्याळ निम्मं धावलं होतं. तरी शिट्टी वाजली तेव्हा त्याची भिंत पुरी झाली होती आणि ओळंबा लावल्यावर दोरी भिंतीपासून सुताएवढीही हलली नाही. मी भावाला काम करताना असं पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्या बांधलेल्या घरांमधून मी गोंदियाभर हिंडते, पण त्याचे हात मी कधी बघितलेच नव्हते. वीट त्याच्या हातात आल्यावर वळत होती आणि आपल्या जागी जाऊन बसत होती, जणू तिला आधीच सांगून ठेवलं होतं. परीक्षकांपैकी एकजण खुर्चीवरून उठून जवळ आला.

त्या दुभाष्या माणसानं भावाला विचारलं की तो कुठं गेला होता. भावानं सांगितलं, भिंत ज्याची होती त्याला विचारायला. त्या माणसाला हसू फुटलं. त्यानं परीक्षकांना सांगितलं, तेही हसले. मग तो भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वहाँ जाकर किस-किस से पूछोगे? जिनकी दीवारें हैं, उनको तो अब अंदर ही नहीं आने देते."

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. कामठी मागं पडली. मग न राहवून विचारलं की असा वेळ का घालवलास.

"दुसऱ्याची अर्धी भिंत धराची त त्याले विचारा लागते, बाई."

"काऊन?" माझ्या तोंडून 'का'साठी घरचाच शब्द आला.

"काऊन म्हणजे? त्याची हाय ना. कोनती वीट भिजवली होती, कोनती नाई, माल कुठं पातळ पडला, हे त्यालेच मालूम. न विचारता वर चढवली अन् उद्या पडली, त कोनाच्या नावानं पडली?" त्या बालाघाटवाल्यानं त्याला सांगितलं होतं की वरच्या रद्द्यातल्या डावीकडच्या दोन विटा कोरड्याच बसल्या आहेत, घाई होती.

"आणि त्याला मालकानं हाकललं असलं तर?"

"मंग तो म्हणते, थांब. त कोनीच हात नाई लावत. मालक फिरते दोन-चार दिवस साऱ्या ठिय्यावर. मंग आपोआप त्याच्याशी जाऊन बोलते."

ठिय्या म्हणजे रेल्वेच्या पुलाजवळची ती जागा, जिथं सकाळी मजूर कामाची वाट पाहत बसतात. रोज शाळेत जाताना मी त्याच्या बाजूनं जाते. वीस वर्षं मजुरांच्या एकजुटीवर बोलले, पत्रकं लिहिली, बाहेरून वक्ते बोलावले. आणि ना पावती, ना झेंडा, ना अध्यक्ष, नुसत्या विचारण्यावर उभी असलेली ही एवढी मोठी गोष्ट माझ्या सख्ख्या भावाच्या हातात होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. असं आश्चर्य मला मोठमोठ्या ग्रंथांनी दिलेलं नाही. हे कधीपासून चालत आलं, असं विचारलं तर तो म्हणाला, "मालूम नाई. पहिलेपासून."

मग आपल्या हातांकडं बघत तो म्हणाला, "तो साहेब का म्हणला, आयकलीस ना? ज्यायच्या भिंती हायेत त्यायले आत येऊ देत नाई म्हणून. ते लोक कोन, बाई? तू त हे सप्पा वाचतेस."

मला सगळं सांगता आलं असतं. नकाशाही पाठ होता. मी म्हणाले, "ते राजकारण आहे. तू त्यात पडू नको. तुझं काम बघ, पोरीचं शिक्षण बघ."

भावानं मान हलवली. पण ती हो म्हणणारी मान नव्हती, एवढं मला कळलं.

तीन दिवसांनी तो पास झाल्याचं कळलं. ठिय्यावरचे आणखी चौघं पास झाले होते. भावजयीनं शिरा केला. पोरीनं नागपूरच्या कॉलेजचं पुस्तक आणून मला एकेक पान दाखवलं, वसतिगृह, प्रयोगशाळा, पांढऱ्या कपड्यातल्या मुली. करारावर सही करायला दोन आठवड्यांची मुदत होती. भाऊ शिरा खाता खाता म्हणाला, "अजून विचाराचं हाय." कोणी लक्ष दिलं नाही. मी तर मुद्दाम कानाडोळा केला.

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं मला ठिय्यावर बोलावून घेतलं. मंडळाची वेळ होती, पण गेले. साठ-सत्तर माणसं होती. जेवणाचे डबे, कापडात गुंडाळलेल्या थाप्या, घमेली उपडी घालून त्यावर बसलेल्या रेजा, म्हणजे विटा-माल वाहणाऱ्या बाया. मधोमध एक म्हातारा मिस्त्री बसला होता. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आता काम करत नाही, पण रोज येऊन बसतो. कोणाची भिंत कोणी धरायची यावर तंटा झाला तर त्याचा शब्द शेवटचा. भावानं त्याच्यासमोर सगळं मांडलं. परीक्षा, पगार, फाटकं, त्या साहेबाचं बोलणं.

पास झालेल्यांपैकी एक प्लास्टरवाला होता, तो उसळला. "लढाई का आपन लावली? आपन नाई गेलो त यूपीवाले जातीन. जागा का कोनासाठी रिकामी राहते?"

"जातीन त जातीन," म्हातारा म्हणाला. "तू विचारलं का, एवढं सांग."

"कोनाले विचारू? ते पलीकडे बंद हायेत."

"बंद हायेत, मेले त नाई ना."

एक रेजा मध्येच म्हणाली, "आयत्या बिळात नागोबा होऊन जाता येते जी. पन जायच्या आंधी बिळ कोनाचं ते त समजू द्या." हसणं पिकलं, प्लास्टरवालाही हसला. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "बाई, तुमच्या मंडळाले मालूम असन. तिकडच्या मिस्त्रीले विचारून द्या."

जसं काही तो माणूस पलीकडच्या गल्लीत राहतो. मला हसू आलं. बाकी कोणी हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, आणि माझं हसू मला गिळावं लागलं.

भाऊ माझ्या फोनमध्ये बोलला. फोन त्यानं तोंडाच्या फार जवळ धरला होता. तो म्हणाला, आम्ही गोंदियाचे मिस्त्री हाओत. तुमच्या अर्ध्या भिंती धरासाठी आमाले बोलावून राहिले. तुम्ही त्या सोडल्या का तुमाले सोडा लागल्या, आमाले बरोबर मालूम नाही. आम्ही धराव का, ते सांगा.

मी ते इंग्रजीत उतरवलं. आमच्या मंडळातले एक निवृत्त गृहस्थ, त्यांची पुण्याची मुलगी, तिची एक ओळखीची बाई जी तिकडच्या मजुरांसाठी काम करते, अशा हातांतून तो निरोप गेला. कुठं तरी वाटेत विरून जाईल असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर विरावा अशीच माझी इच्छा होती. उत्तर न येणं हीसुद्धा एक वाट होती, आणि पोरगी नागपूरला गेली असती.

मुदत संपायला तीन दिवस उरले असताना उत्तर आलं. शाळेत खिचडीची सुट्टी होती. मी रिकाम्या वर्गात बाकावर बसून ते वाचलं. लिहिणारा मिस्त्रीच होता. दुसऱ्या कोणी इंग्रजी केलेलं होतं, पण आवाज मिस्त्रीचा होता.

त्यानं लिहिलं होतं की आयुष्यभर जोडाई केली, पण असं त्याला कधी कोणी विचारलं नाही. काम देणाऱ्यांनी विचारलं नाही आणि काढून टाकणाऱ्यांनीही नाही. तुम्हालाही लेकरं असतील, त्यांना खायला लागतं, तेव्हा माझ्याकडून हो आहे, धरा. पुढं होतं की मी सोडली ती इमारत समुद्राकडच्या बाजूला आहे. चौथ्या मजल्यावर जिन्याजवळची भिंत आम्ही घाईत कोरड्या विटांवर उचलली होती. मुकादमाच्या धाकानं उचलली. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन ती उतरवायची असं आमचं ठरलं होतं. तो दुसरा दिवस आला नाही. तुम्ही तिच्यावर भार देऊ नका आणि तिच्याखाली उभे राहू नका. आधी पाडा, मग नवी बांधा. तुमच्यापैकी त्या इमारतीवर कोण जाईल हे मला कसं कळणार, म्हणून सगळ्यांना सांगा.

मी ते तीनदा वाचलं. बाहेर पोरं ताटल्या आपटत होती. ज्या माणसाची भाकर गेली, तो आपली भाकर घ्यायला येणाऱ्या अनोळखी माणसाला सांगत होता की अमक्या भिंतीखाली उभा राहू नको. एवढं मोठं मन मी पाहिलं नव्हतं आणि तेवढं मोठं असतं यावर माझा विश्वासही नव्हता. शांतीवर मी इतकं बोललेली बाई, आणि माझे डोळे भरून आले तेव्हा मला आधी कोणी बघत तर नाही ना, याची काळजी.

तरीही मी काय केलं ते सांगते. मला हवं असलेलं हो त्यात होतं. मी भावाला फोन लावला आणि म्हणाले, "उत्तर आलं. तो हो म्हणतो."

"एवढंच?"

"हो म्हणतो," मी पुन्हा म्हणाले. "बाकी उद्या वाचते." संध्याकाळी भावजयीचा फोन आला की पोरगी कपड्यांना इस्त्री करून राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी ठिय्यावर मी उत्तर वाचायला उभी राहिले आणि पुन्हा तेच करायला निघाले. हो, इतपत सांगून कागद घडी घालू लागले. म्हातारा मिस्त्री म्हणाला, "पुरा वाचा, बाई. एवढ्या मोठ्या कागदावर कोनी एक हो नाही लिहीत."

मग मी पुरा वाचला. ठेकेदारांच्या दोन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या, पण कोणी उठलं नाही. चौथ्या मजल्याचं आलं तेव्हा म्हाताऱ्यानं हात वर करून मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला सांगितलं. नंतर त्यानं चष्मा काढला. "खरा मिस्त्री हाय," म्हणाला. त्या रविवारी नागोबावरून हसवणारी ती रेजा पदराचं टोक तोंडात धरून होती. साठ-सत्तर माणसांना एकदम कशाची तरी उंची कळावी, असं मी आमच्या कोणत्याच सभेत पाहिलेलं नाही.

प्लास्टरवाला आणि आणखी तिघं जायचं म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांना अडवलं नाही. "जा. विचारलं, त्यानं हो म्हणलं, तुमचं बरोबर हाय. फक्त ते भिंत ध्यानात ठेवजा." कोणी त्यांना नावं ठेवली नाहीत. मी मनातल्या मनात ठेवायला जात होते, तर माझी मलाच लाज वाटली.

भाऊ सगळ्यांत शेवटी बोलला. "मी नाई जात."

"अरे, त्यानं हो म्हटलंय," मी म्हणाले.

"म्हनूनच. नाई म्हणला असता त मी भांडलो असतो त्याच्याशी, का बाबा माही पोरगी हाय, तू कोन नाई म्हणनारा. पन तो मानूस बाहेर उभा हाय अन् मले सांगून राहिला का त्याच्याखाली उभा राहू नको. आता त्याच्या जागेवर मी कसा उभा राहू?"

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "अर्ज भरला तवा तुले मालूम होतं ना, बाई?"

मी हो म्हणाले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन मागितला आणि उलट निरोप सांगितला. भिंतीचं मी सगळ्यांले सांगतो. माझा हात तुमच्या कामाले लागनार नाही. तुम्ही वापस जाल तवा तुमची तुम्हीच धरा.

मी ते तिथंच घमेल्यावर बसून उतरवलं. माल, पैसा आणि माणसं जगभर कशी फिरवली जातात ते मला पाठ आहे. पण हजारो कोसांवरचे दोन मिस्त्री एकमेकांचं तोंडही न पाहता एका कच्च्या भिंतीबद्दल बोलतात, याला माझ्या वहीत शब्द नव्हता, आणि अजूनही नाही.

दुपारी मी बिरसीकडे गेले. पोरीला मी सांगते म्हणाले होते, पण भावानं आधीच सांगितलं होतं. इस्त्रीचे कपडे परत पेटीत गेलेले होते. ती अंगणात धान पाखडत होती. रडलेली दिसत नव्हती. मी तिच्या जवळ गेले आणि म्हणाले, "तू नागपूरला जायचंस. तुझा खर्च मी करते. माझे साठवलेले आहेत."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुझ्याजवळ होते?"

"होते. वरच्या मजल्यावर खोली काढायची म्हणून ठेवले होते."

"पहिलेपासून होते?"

"हो."

ती उभी राहिली. बापासारखीच उंच आहे, माझ्यापेक्षा वीतभर तरी जास्त. "मंग बाबाले लढाईत काऊन पाठवून राहिली होतीस, आत्या?"

तिनं ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.